एकाच खोलीवर सिंगल क्लिक आणि डबल क्लिक: किती मिलिसेकंद थांबायचं?

प्रश्न फोंड्याच्या एका डेव्हलपरने विचारला आहे. कळंगुटमधल्या एका हॉटेलासाठी ते ब्राउझरमध्ये चालणारा खोल्यांचा फलक करत आहेत. खोलीच्या चौकटीवर एक क्लिक केला की उजवीकडे पाहुण्याची माहिती उघडते, डबल क्लिक केला की चेक-इन होतो. सुरुवातीला डबल क्लिक केला तरी आधी माहिती उघडायची, म्हणून त्यांनी ३०० मिलिसेकंदांचा टायमर लावला आणि त्या वेळात दुसरा क्लिक आला तर तो डबल, नाहीतर सिंगल, असं ठरवलं. आता तक्रारी वेगळ्याच आहेत. दिवसपाळीची मुलगी म्हणते फलक जड झाला. रात्रपाळीचे वयस्कर रिसेप्शनिस्ट म्हणतात, डबल क्लिक करूनही कधी कधी चेक-इन होत नाही, नुसती माहिती लुकलुकते. प्रश्न असा: ३०० च्या जागी कोणता आकडा बरोबर?

कोणताही नाही. हा आकडा तुम्ही ठरवायचाच नाही. तो प्रत्येक संगणकावर तिथल्या माणसाने, किंवा त्याच्या वतीने ऑपरेटिंग सिस्टमने, आधीच ठरवलेला असतो. विंडोजमध्ये दोन क्लिकमधलं जास्तीत जास्त अंतर मूळ सेटिंगप्रमाणे ५०० मिलिसेकंद असतं. कंट्रोल पॅनलमधल्या माउसच्या सेटिंगमध्ये एक सरकपट्टी आहे, तिने ते कमीजास्त करता येतं. लिनक्सवरच्या जीटीके या टूलकिटमध्ये (खिडक्या, बटनं बनवायच्या तयार संचात) मूळ आकडा ४०० आहे. मॅकवर तो सिस्टमच्या सेटिंगमधून येतो. वेळेइतकंच अंतरही मोजलं जातं: विंडोजमध्ये दुसरा क्लिक पहिल्याभोवतीच्या एका छोट्या चौकोनात पडावा लागतो आणि तो चौकोन मुळात ४ पिक्सेलांचा असतो. हात थोडा सरकला तर वेळ पाळूनही डबल क्लिक होत नाही.

डेस्कटॉप प्रोग्राम सिस्टमला हा आकडा विचारू शकतो. विनफॉर्म्स, स्विंग, क्यूटी, मॅकवरचं कोको या सगळ्या टूलकिटांत तशी सोय आहे. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला मात्र तो मिळत नाही. त्यामुळे तुमचे ३०० हा अंदाज आहे आणि तो रात्रपाळीच्या माणसाच्या बोटांशी जुळत नाही. त्यांच्या दोन क्लिकमध्ये ४०० मिलिसेकंद जात असतील, तर विंडोजच्या हिशेबाने तो नीट डबल क्लिक आहे आणि तुमच्या हिशेबाने दोन सुटे सिंगल क्लिक. माहिती दोनदा उघडते, चेक-इन होत नाही. तक्रार अगदी बरोबर आहे.

मग ५०० करा असं कोणी सांगेल. केलं की दिवसपाळीच्या मुलीला प्रत्येक साध्या क्लिकनंतर अर्धा सेकंद थांबावं लागेल. मोपावरून रात्री उशिराच्या विमानाने आलेले पाहुणे बॅगा घेऊन काउंटरवर रांगेत उभे असतात तेव्हा हा अर्धा सेकंद फार बोचतो. वर सरकपट्टी आणखी हळू केलेली असेल तर ५०० सुद्धा पुरणार नाहीत. आकडा लहान ठेवला की सावकाश हाताचा डबल क्लिक हुकतो, मोठा ठेवला की प्रत्येकाचा सिंगल क्लिक रेंगाळतो. टायमरच्या वाटेने या कोंडीतून सुटका नाही, कारण पहिला क्लिक आला त्या क्षणी दुसरा येणार की नाही हे कोणत्याही प्रोग्रामला कळू शकत नाही.

म्हणून आधी ब्राउझर काय पाठवतो ते नीट पाहू. डबल क्लिक केल्यावर इव्हेंट, म्हणजे काय घडलं याच्या सूचना, या क्रमाने येतात: माउसडाउन, माउसअप, क्लिक, पुन्हा माउसडाउन, माउसअप, क्लिक आणि सगळ्यात शेवटी डबलक्लिक. म्हणजे डबल क्लिकच्या पोटात दोन पुरे सिंगल क्लिक असतातच. पुष्कळ नवे प्रोग्रामर याला ब्राउझरचा दोष समजतात आणि पहिला क्लिक दाबून टाकायच्या मागे लागतात. हा दोष नाही. पहिल्या क्लिकला लगेच उत्तर मिळावं म्हणून मुद्दाम केलेली रचना आहे. प्रत्येक क्लिक इव्हेंटमध्ये डिटेल नावाचा गुणधर्म असतो. पहिल्याला १, लागोपाठच्या दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. ही मोजणी सिस्टमची वेळ आणि अंतर धरून झालेली असते. ब्राउझर तुम्हाला आकडा सांगत नाही, पण त्या आकड्यावरून काढलेलं उत्तर देतो. म्हणून स्वतःचा मोजणी करणारा चल (व्हेरिएबल) आणि त्याला शून्यावर आणणारा टायमर आजच काढून टाका. डिटेल २ आहे का एवढं पाहा. रात्रपाळीची अर्धी तक्रार त्या एका बदलाने जाईल.

हॉटेलात जुनी विनफॉर्म्सची आवृत्ती अजून चालते असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून तिच्याबद्दलही. प्रत्येक टूलकिटचा क्रम वेगळा असतो आणि एकाची सवय दुसऱ्याकडे नेली की गडबड होते. विंडोजच्या मूळ संदेशांमध्ये दुसऱ्यांदा बटन खाली गेल्यावर साध्या ‘बटन दाबलं’ या संदेशाऐवजी डबल क्लिकचा संदेश येतो, तोही त्या खिडकीच्या वर्गाने डबल क्लिक मागितला असेल तरच. विनफॉर्म्समध्ये पहिल्यांदा क्लिक आणि दुसऱ्यांदा डबलक्लिक येतो, दुसरा क्लिक येत नाही. पण तिथल्या साध्या बटनाला डबलक्लिक मिळतच नाही, त्याला दोन्ही वेळा क्लिकच येतो. बटनावर लावलेला तुमचा डबल क्लिकचा हँडलर (इव्हेंट आल्यावर चालणारा कोड) कधीच चालला नाही, त्याचं कारण हे. स्विंगमध्ये माउसक्लिक्ड दोनदा येतो, मोजणी आधी १ आणि मग २. त्यात आणखी एक खोच आहे: दाबणं आणि सोडणं यांच्यामध्ये माउस हलला तर माउसक्लिक्ड येतच नाही. हात थरथरणाऱ्या माणसाला मग बटन मेल्यासारखं वाटतं. अशा ठिकाणी दाबण्याचाच इव्हेंट धरावा. जीटीके ३ मध्ये दुसऱ्या दाबण्याचा साधा इव्हेंटही येतो आणि त्यापाठोपाठ दुहेरी दाबण्याचा वेगळाही येतो.

क्रम कोणताही असो, एक गोष्ट सगळीकडे समान आहे. पहिला क्लिक आधी पोचतो आणि त्याचं काम आधी होतं. त्यामुळे रचना अशी हवी की पहिल्या क्लिकने झालेलं काम डबल क्लिकच्या वाटेवरचंच असावं. फाइलवर एक क्लिक केला की ती निवडली जाते, दोन केले की निवडलेली फाइल उघडते. मजकुरात एक क्लिक केला की कर्सर तिथे बसतो, दोन केले की तोच शब्द निवडला जातो, अनेक प्रोग्राममध्ये तीन केले की तोच परिच्छेद. प्रत्येक पुढचा क्लिक आधीच्याला पुढे नेतो, पुसत नाही. ॲपलचा लिसा हा संगणक १९८३ मध्ये आला आणि मॅकिंटॉश १९८४ मध्ये. दोन्हींच्या माउसला एकच बटन होतं. एका बटनात दोन कामं बसवायची तर ती एकमेकांना पूरकच असावी लागतात, आणि ती शिस्त तिथे पाळली गेली. या पद्धतीत टायमर लागत नाही, कारण पहिलं काम मागे घ्यायची वेळच येत नाही.

तुमच्या फलकाला हे लावून पाहा. एका क्लिकला खोली निवडली जाऊ दे आणि उजवीकडची माहिती त्याच क्षणी दिसू दे, काहीही न थांबता. डबल क्लिकला त्याच खोलीचा चेक-इनचा अर्ज उघडू दे. माहिती आधी दिसली म्हणून काय बिघडलं? ज्याचं चेक-इन करायचं त्याचीच ती माहिती आहे. इथे मी चेक-इन ‘होऊ दे’ असं म्हटलेलं नाही, अर्ज ‘उघडू दे’ म्हटलं आहे, आणि याबाबत माझं मत पक्कं आहे. चेक-इन ही नोंद आहे. तिच्यावरून बिल सुरू होतं, खोलीची स्थिती बदलते. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारकडे पाठवायची असते. डिसेंबरात गर्दी असताना अशी नोंद बोटाच्या दोन ठोक्यांवर, काहीही न विचारता होऊ नये. अर्जाच्या शेवटी ‘चेक-इन करा’ असं स्वच्छ लिहिलेलं बटन ठेवा आणि नोंद त्याच बटनाने होऊ दे. डबल क्लिक हा सवय झालेल्या माणसासाठी जवळचा रस्ता आहे. तो माहीत नसलेल्यालाही तेच काम करता आलं पाहिजे, म्हणून माहितीच्या पट्टीतही चेक-इनच्या अर्जाचं बटन असू दे.

आता पहिला क्लिक लगेच काम करणार म्हटल्यावर एक नवी जबाबदारी येते. पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकमध्ये बाणाखालची वस्तू हलता कामा नये. तुमची माहितीची पट्टी उजवीकडून सरकत येते आणि फलकाची रुंदी कमी करते. त्यामुळे खोली १०४ वर पहिला क्लिक पडतो, चौकटी आकसतात आणि दुसरा क्लिक १०५ वर पडतो. पट्टीची जागा आधीपासून राखून ठेवा किंवा ती फलकावर तरंगू द्या, पण जिथे क्लिक पडला तो भाग झाकू नका.

याच्याच शेजारचा एक दोष शोधायला फार अवघड जातो. पहिल्या क्लिकवर तुम्ही स्थिती बदलता आणि सगळा फलक पुन्हा रंगवला जातो. चौकटींना दिलेली ‘की’ (प्रत्येकीची ओळखखूण) दर वेळी बदलत असेल, किंवा घटकाची व्याख्याच दुसऱ्या घटकाच्या आत केलेली असेल, तर रिॲक्ट ही पडदा रंगवणारी लायब्ररी जुनी चौकट टाकून देते आणि तिच्या जागी नवी बसवते. दिसायला दोन्ही सारख्या, पण पहिला क्लिक एका घटकावर पडलेला असतो आणि दुसरा वेगळ्याच घटकावर. मग डबल क्लिक कधी लागतो, कधी लागत नाही. खोली क्रमांकाचीच ‘की’ द्या आणि निवड झाली की फक्त वर्गाचं नाव बदला. हँडलर प्रत्येक चौकटीवर लावण्यापेक्षा बाहेरच्या फलकावर एकच लावला आणि चौकटीतल्या डेटा गुणधर्मावरून खोली ओळखली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

तिसरी गोष्ट धोक्याची आहे. पहिल्या क्लिकने बाणाखालीच एखादी खिडकी उघडली आणि तिचं ‘हो’ बटन नेमकं तिथेच आलं, तर दुसरा क्लिक त्या बटनावर जातो. माणसाने वाचलेलंही नसतं. फायरफॉक्स काही सुरक्षेच्या खिडक्यांमधलं बटन थोडा वेळ निष्क्रिय ठेवतो तो याचसाठी. दोन क्लिकमधल्या याच फटीत पान बदलून माणसाकडून नको ती परवानगी काढून घेणारा हल्ला २०२४ च्या अखेरीला डबलक्लिकजॅकिंग या नावाने चर्चेत आला. तुमच्या हॉटेलावर कोणी असा हल्ला करील असं नाही, पण ‘बुकिंग रद्द करायचं?’ विचारणारी खिडकी बाणाखाली उघडू नका एवढं नक्की.

टायमर कधीच वापरू नये असंही नाही. नकाशा घ्या. एका क्लिकला खूण रोवायची आहे आणि डबल क्लिकला नकाशा जवळ यायला हवा, कारण लोकांना तशी सवय आहे. ही दोन कामं एकमेकांच्या वाटेवर नाहीत. इथे पहिला उपाय म्हणजे खूण लगेच रोवायची आणि दुसरा क्लिक आला तर गुपचूप काढायची. बरेच व्हिडिओ प्लेअर असंच करतात: पहिल्या क्लिकला व्हिडिओ थांबतो, दुसऱ्याला पुन्हा सुरू होतो आणि पडदा पूर्ण मोठा होतो. पहिलं काम उलटवता येत असेल तर हाच मार्ग उत्तम. उलटवता येत नसेल, म्हणजे संदेश जाणार असेल किंवा मोठी मागणी सर्व्हरकडे जाणार असेल, तरच टायमर लावा.

तेव्हा तो नीट लिहा. डिटेल १ असलेल्या क्लिकवर टायमर सुरू करा आणि कोणत्या खोलीवर क्लिक झाला ते त्याच वेळी पकडून ठेवा. टायमर वाजल्यावर ‘सध्या निवडलेली खोली कोणती’ असं विचारू नका, तोवर ती बदललेली असू शकते. डिटेल २ आल्यावर टायमर रद्द करून डबलचं काम करा. दरम्यान वेगळ्या खोलीवर क्लिक आला तर आधीच्या खोलीचं सिंगलचं काम लगेच उरकून टाका, ते गिळू नका. घटक पडद्यावरून काढला जात असेल तर टायमरही रद्द करा. रिॲक्टमध्ये टायमरची ओळख रेफमध्ये ठेवा, स्टेटमध्ये नको (स्टेट बदलली की पडदा पुन्हा रंगवला जातो, रेफ बदलल्याने नाही). उजव्या बटनाचा आणि ओढण्याचा यात गोंधळ होऊ देऊ नका. एवढं करूनही सावकाश डबल क्लिकवर आधी सिंगल आणि मग डबल अशी दोन्ही कामं होणारच, हे गृहीत धरून डबलचं काम लिहा.

दिवसपाळीच्या मुलीला फलक जड वाटतो त्यात टायमरचा वाटा आहेच, पण तेवढंच कारण नसावं. काउंटरवरचा संगणक जुना आहे आणि पहिल्या क्लिकवर तुम्ही पूर्ण महिन्याचा फलक पुन्हा रंगवता. ते काम चालू असताना मुख्य धागा (थ्रेड), म्हणजे ब्राउझरची कामं एकामागून एक करणारी वाट, अडकलेला असतो. दुसरा क्लिक रांगेत थांबतो आणि तुमचा हँडलर उशिरा चालतो. तुम्ही हँडलरमध्ये डेट.नाउ, म्हणजे त्या क्षणाची वेळ, घेऊन अंतर मोजत होता. ते अंतर बोटांचं नसतं, संगणकाच्या थकव्याचंही त्यात मिसळलेलं असतं. वेळ मोजायचीच असेल तर इव्हेंटवरचा टाइमस्टँप वापरा, तो इव्हेंट घडल्याच्या वेळेच्या जवळ असतो. मूळ उपाय मात्र पहिल्या क्लिकचं काम हलकं करणं हाच आहे: फक्त दोन चौकटींचा रंग बदला, माहिती मागवायची विनंती पाठवा आणि बाजूला व्हा.

उलट बाजूही आहे. काही माणसं प्रत्येक गोष्टीवर डबल क्लिक करतात, बटनांवर आणि दुव्यांवरही. डेस्कटॉपवर चिन्ह उघडायला डबल क्लिक लागतो, मग इथे का नाही, असं त्यांना वाटतं, आणि त्यात काही गैर नाही. त्यांच्यासाठी ‘चेक-इन करा’ बटन पहिल्या क्लिकलाच निष्क्रिय करा. पण तेवढ्यावर विसंबू नका. अर्ज उघडताना एक एकमेव ओळखक्रमांक तयार करा, विनंतीबरोबर पाठवा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचंच उत्तर द्यावं. नेट मध्येच गेलं आणि ब्राउझरने किंवा माणसाने विनंती पुन्हा पाठवली, तरी हेच संरक्षण कामी येतं.

माउसही तपासा, हे मी मनापासून सांगते. माउसच्या बटनाखाली एक छोटा स्विच असतो. तो झिजला की त्याचे संपर्क एका दाबण्यात दोनदा जुळतात आणि एका क्लिकचे दोन होतात. किनाऱ्यालगतच्या खारट, दमट हवेत धातू लवकर गंजतो, त्यामुळे कळंगुटच्या काउंटरवरच्या जुन्या माउसकडे संशयाने पाहायला हरकत नाही. लॉगमध्ये दोन क्लिकमधलं अंतर लिहून ठेवा. माणसाच्या बोटाला जमणारच नाही इतक्या कमी अंतराचे डबल क्लिक एकाच काउंटरवरून येत असतील, तर कोड न बदलता माउस बदला.

खोल्या साफ करणारे कर्मचारी हाच फलक फोनवर पाहतात असंही तुम्ही लिहिलं आहे. तिथे डबल क्लिकवर काहीही अवलंबून ठेवू नका. फोनच्या ब्राउझरमध्ये दोनदा टॅप केलं की पान मोठं होतं, ही सोय २००७ च्या आयफोनपासूनची. त्यामुळे ब्राउझर प्रत्येक टॅपनंतर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबायचे, म्हणजे तुम्ही हाताने लावला तसाच टायमर सगळ्या वेबला लागलेला होता आणि सगळ्यांनी त्याबद्दल कुरकुर केली. क्रोमने २०१४ मध्ये मोबाइलसाठी जुळवलेल्या पानांवरून तो काढला. तुमच्या पानात व्ह्यूपोर्टची रुंदी डिव्हाइसइतकी ठेवलेली असू दे आणि चौकटींना टच-ॲक्शन मॅनिप्युलेशन द्या. शिवाय पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू असेल तर दोनदा टॅप करणं हीच ‘हे उघड’ अशी खूण असते, म्हणून तिथे तुमचा डबल टॅप साध्या क्लिकच्याच रूपात पोचतो.

कीबोर्डवर डबल क्लिक नावाची गोष्टच नाही. वेबच्या सुगमतेच्या निकषांमध्ये २.१.१ हा निकष सांगतो की माउसने होणारं काम कीबोर्डनेही झालं पाहिजे. बाणांच्या कळांनी खोली निवडता यावी आणि एंटर दाबल्यावर अर्ज उघडावा. खऱ्या बटन घटकावर एंटर दाबला की क्लिक इव्हेंट येतो आणि त्याचा डिटेल ० असतो. म्हणून बटनांच्या हँडलरमध्ये ‘डिटेल १ असेल तरच’ अशी अट घातली तर कीबोर्डवाला माणूस बाहेर राहतो. अट ‘२ पेक्षा कमी’ अशी लिहा.

राहिला चाचण्यांचा प्रश्न. तुमच्या सगळ्या स्वयंचलित चाचण्या हिरव्या आहेत असं तुम्ही म्हणता. प्लेराइट या चाचणीच्या साधनाचा डबल क्लिक दोन क्लिक जवळजवळ अंतर न ठेवता पाठवतो, त्यामुळे वेळेचा कोणताही दोष त्यात दिसणारच नाही. दाबणं आणि सोडणं वेगवेगळं पाठवून, मध्ये ३५०, ४५० आणि ६०० मिलिसेकंद थांबवून चाचण्या लिहा. क्लिकची मोजणीही त्या साधनाला तुम्हीच सांगायची असते, हे विसरू नका. पहिल्या दोन अंतरांना मोजणी २ देऊन अर्ज उघडतो का पाहा. ६०० ला पुन्हा १ देऊन खोली नुसती निवडलेली राहते का पाहा. मग रात्रपाळीच्या वेळी काउंटरवर जा आणि त्या रिसेप्शनिस्टांना त्यांच्याच माउसने, त्यांच्या सेटिंगला हात न लावता, काही पाहुण्यांचं चेक-इन करू द्या. तुम्ही मागे उभे राहून लॉग पाहा.